पिस्ता रंगाच्या एकोणीस टाइल्स

भिंत आतून ठणठणीत कोरडी होती.

मी हात लावून पाहिला. टॉर्च मारून पाहिलं. दुसरं काही सुचेना म्हणून वासही घेतला. जुन्या विटेचा वास आला, ओलाव्याचा नाही. माझ्या पायाशी एकोणीस टाइल्सचे तुकडे पडले होते, आणि ज्या पाइपसाठी मी त्या फोडायला लावल्या होत्या, तो पाइप त्या भिंतीत नव्हताच.

"सायेब," रशीदभाई छिन्नी खाली ठेवून म्हणाला, "आता कोनती भिंत फोडू?"

रशीदभाई माझा टाइल मिस्त्री. बावीस वर्षं माझ्यासोबत आहे. मी चुकलो की त्याला फार आनंद होतो, आणि एकूण तो आनंदी माणूस आहे.

मी अमरावतीचा. सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि गेली एकतीस वर्षं जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं घेतो. हे काम अकोल्याचं होतं. वानखडे मॅडम, निवृत्त शिक्षिका, जुनं बैठं घर. त्यांच्या बेडरूमच्या कोपऱ्यात ओल आली होती. त्या भिंतीच्या पलीकडे बाथरूम. मी भिंतीवर दोन टिचक्या मारल्या, कान लावला, डॉक्टर करतात तसा चेहरा केला आणि जाहीर केलं, "पाइप लीक आहे. एका तासाचं काम."

ओल कूलरची होती. एप्रिलचा महिना, अकोल्याचं ऊन, बेडरूमच्या खिडकीला बाहेरून लावलेला कूलर दिवसरात्र चालू. त्याच्या टाकीला बारीक भोक पडलेलं. पाणी बाहेरच्या भिंतीवरून उतरून कोपऱ्यात शिरत होतं. हे रशीदभाईनं बिडी ओढायला बाहेर गेल्यावर पाहिलं. टाइल्स फोडून झाल्यावर.

मॅडम दारात आल्या. "सापडलं का?"

"सापडलं."

"कुठं?"

"कूलरमध्ये."

त्यांनी फुटलेल्या भिंतीकडे पाहिलं. शाळेत आयुष्य काढलेली बाई, मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या नाहीत. त्याहून वाईट केलं. खुर्ची आणून बाथरूमच्या दारात बसल्या आणि शांतपणे सांगायला लागल्या.

"माझी आई नागपूरला गेली आहे, सुधाकरकडे. माझा मोठा भाऊ. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. एका डोळ्याचं झालं, दुसऱ्याचं होऊन राह्यलं. अठरा दिवसांनी येते. जाताना तिनं मले एकच सांगितलं, माह्या न्हाणीघराले हात लावू देऊ नको कोणाले. मी शब्द देला."

मग त्यांनी या न्हाणीघराची हकीकत सांगितली. त्यांचे वडील वीज मंडळात लाइनमन होते. ही जागा घेतली तेव्हा वस्तीतल्या बाया पहाटे उजाडायच्या आत, लुगड्याचा आडोसा करून अंघोळ उरकायच्या. मॅडमच्या आईनं नवऱ्याला सांगितलं, घर एका खोलीचं चालेल, पण मला दार लागणारं न्हाणीघर पाहिजे, आणि त्याच्या भिंतीला टाइल पाहिजे. टाइल तिनं स्वतः दुकानात जाऊन निवडली. "बैठकीले प्लास्टर नव्हतं साहेब तेव्हा. वीट दिसत होती. पण न्हाणीघराले टाइल होती. पाहायले लोक यायचे."

"आणि आता?" मी विचारलं.

"आता सुधाकर मागं लागला आहे. हे सगळं काढून त्या मोठमोठ्या मार्बलसारख्या टाइल्स लावू म्हणते. आई नाही म्हणते. हे ठिगळ त्याले दिसलं, का तो म्हणेल, फुटलंच आहे तं सगळंच काढू. अन् आईपुढं मग मी कोणत्या तोंडानं उभी राहू?"

मी कॉलर सरळ केली. "मॅडम, सेम टू सेम लावून देतो. तुमच्या आईला काय, माझ्या बापालाही ओळखू येणार नाही."

रशीदभाईनं वर छताकडे पाहिलं.

आता थोडं धंद्याचं सांगतो, म्हणजे मी काय बोलून बसलो ते कळेल. भिंतीवर जितक्या उंचीपर्यंत टाइल्स लावतात, त्या पट्ट्याला आम्ही डॅडो म्हणतो. हा डॅडो छातीएवढा होता आणि मी नेमका मधोमध फोडला होता. दार उघडलं की पहिली नजर तिथंच. टाइल सहा इंच बाय सहा इंच. पूर्वी हीच साइज चालायची. आता दुकानात फूटभराच्या खाली बोललं तर सेल्समन तुमच्याकडे दयेनं पाहतो. दुसरं म्हणजे शेड. एकाच कंपनीची, एकाच नंबरची टाइल असली तरी भट्टीतून निघालेल्या प्रत्येक घाण्याचा रंग जरा वेगळा असतो. गेल्या वर्षीची टाइल या वर्षी मॅच होत नाही. इथं तर साठेक वर्षांचा प्रश्न होता.

"घर बांधलं तेव्हाच्या जास्तीच्या टाइल्स उरल्या असतील?" मी मॅडमला विचारलं.

"उरल्या होत्या. गॅसच्या ओट्याले लावल्या. तो ओटा सुधाकरनंच तोडला."

दाराआडच्या टाइल्स काढून समोर लावायचं मनात आलं. रशीदभाईनं एकीच्या कडेला छिन्नीनं हळूच टकटक केली आणि मान हलवली. "सायेब, त्या जमान्यात सिमेंट मोजून नाई टाकत होते. साबूत एकबी निघनार नाई."

म्हणजे बाजार. मी त्यातल्या त्यात मोठा तुकडा रुमालात गुंडाळला. रंग पिस्ता. साधा पिस्ता नाही, दुधात घोटलेला पिस्ता, फिका, जरासा राखाडीकडे झुकणारा. माझी रंगाची नजर पक्की आहे. ही गोष्ट मी तेव्हा लोकांनी न विचारताही सांगत असे.

पहिलं दुकान नंदूशेठचं. अकोल्यातलं जुनं सॅनिटरीचं दुकान, आतून खोल आणि अंधारं. नंदूशेठ ऐंशीच्या आसपासचे, गादीवर बसलेले. मी रुमाल सोडला. त्यांनी तुकडा घेतला आणि पुढून पाहिलाच नाही. उलटा केला. मागच्या बाजूच्या बारीक उभ्या-आडव्या रेघांवर अंगठा फिरवला. मग उठून आत गेले आणि पाच मिनिटांनी, धोतराला धूळ लावून, एक टाइल घेऊन आले.

ती टाइल मोरपिशी होती. लखलखीत. डोळ्यांत भरेल अशी.

"हे घ्या," शेठजी म्हणाले.

मी हसलो. "शेठजी, मी पिस्ता दाखवून राहिलो, तुमी मोर काढून आणला."

"हेच हाय ते."

"शेठजी, रागावू नका. डोळे तपासून घ्या एकदा."

"त्या घरी न्हायले पानी कोनतं वापरते?"

"नळाला येते ते," मी म्हटलं आणि रुमाल बांधला. मला वाटलं, म्हाताऱ्याचं वय झालं. कुठून कुठं जातो बोलता बोलता. रशीदभाईलाही बाहेर येऊन तेच सांगितलं. तो म्हणाला, "हाव." त्यालाही पटलं, हे मी मुद्दाम नमूद करतो. तो आता नाही म्हणतो.

नंतरचे दहा दिवस मी धंदा सोडून टाइल शोधत होतो. अकोल्यातल्या नव्या शोरूममध्ये गेलो. तिथल्या एसीत बसलेली मुलगी म्हणाली, "अंकल, सहा बाय सहा? कोस्टर पाहिजेत का?" अमरावतीत माझ्या ओळखीची सगळी दुकानं केली. गुजरातेत मोरबीच्या एका फॅक्टरीवाल्याला व्हॉट्सॲपवर फोटो टाकला. त्याचं उत्तर आलं, रंग बनवून मिळेल, कमीत कमी एक ट्रक. मला एकोणीस टाइल्स पाहिजे होत्या. एक ट्रक पिस्ता टाइल्स आल्या असत्या, तर वानखड्यांच्या अख्ख्या वस्तीला डॅडो झाला असता.

चांदूर रेल्वेला एक जुनं लॉज पाडणं चालू आहे असं कळलं. मोटारसायकल काढून गेलो. टाइल्स सहा बाय सहाच होत्या, पण पांढऱ्या. तिथला मुकादम म्हणाला, "भाऊ, धामनगावले पाहा. तिथं एक जुना माल ठेवनारा हाय."

धामणगाव रेल्वेला गेलो. सरकी आणि ढेपेच्या पोत्यांमागं, एका गोडाऊनच्या तळाशी, गवतात बांधलेलं खोकं निघालं. मालकानं फुंकर मारून वरची टाइल माझ्या हातात दिली.

पिस्ता. दुधात घोटलेला. राखाडीकडे झुकणारा.

मी माझा तुकडा तिच्याशेजारी ठेवला. उन्हात नेऊन पाहिला. सावलीत पाहिला. मालकाला विचारलं, "यातला जुना कोनता, सांगा." तो म्हणाला, "दोन्ही जुनेच हाय ना." मला तेवढं पुरेसं होतं. बावीस टाइल्स होत्या, सगळ्या घेतल्या. अमरावतीपर्यंत मी गाणं म्हणत आलो. घरी बायकोला दोन तुकडे दाखवून तीच परीक्षा घेतली. ती नापास झाली. मला तिचा अभिमान वाटला.

रशीदभाईनं टाइल्स बसवल्या. काम त्याचं बघण्यासारखं असतं. लेव्हल अशी, की सांध्यावरून नख फिरवलं तर अडकत नाही. सांध्यांत व्हाइट सिमेंट भरलं. दुसऱ्या दिवशी मॅडमला बोलावलं. त्यांनी दारातून पाहिलं, आत जाऊन पाहिलं, चष्मा लावून पाहिलं.

"कोणत्या फुटल्या होत्या?" त्यांनी विचारलं.

एकतीस वर्षांत मला एवढी मोठी शाबासकी मिळाली नव्हती. पाच दिवस हातात होते. मी कमरेवर हात ठेवून सुमारे दहा मिनिटं बोललो. रंगाची नजर कशी जन्मजात असावी लागते, हल्लीच्या पोरांना शेड म्हणजे काय ते कसं कळत नाही, वगैरे. मॅडम ऐकून घेत होत्या. शिक्षक माणूस, दुसऱ्याचं भाषण ऐकायची सवय नसते, तरी ऐकलं.

मग रशीदभाई म्हणाला, "सायेब, धुऊन घेतो अन् निघू."

टाइलचं काम झालं की आजूबाजूला सिमेंटचे डाग आणि धुरकट थर राहतो. तो काढायला पाण्यात थोडं ॲसिड मिसळून कापडानं फिरवतात. नेहमीचं काम. खिडकी उघडायची, नाकाला फडकं बांधायचं, पाच मिनिटांत संपतं. रशीदभाईनं नव्या टाइल्सच्या भोवतीनं ओलं कापड फिरवलं.

फस्स असा आवाज आला. भिंतीला फेस आला.

सिमेंटच्या डागाला एवढा फेस येत नाही. रशीदभाई मागं सरकला. त्यानं मगभर पाणी मारलं. फेस खाली वाहून गेला, आणि माझ्या एकोणीस पिस्ता टाइल्सच्या भोवती, चौफेर, वीतभर रुंदीची मोरपिशी चौकट उभी राहिली.

लखलखीत. डोळ्यांत भरेल अशी.

रशीदभाईनं खात्री करायला दाराजवळच्या एका टाइलवर थेंबभर ॲसिड टाकलं. तिथंही मोर निघाला.

"सायेब," तो फडक्याआडून म्हणाला, "पिस्ता तं वरून लावेल होता."

मॅडम भिंतीला हात लावत म्हणाल्या, "अरे देवा. मी लहान असताना... हो. असाच होता. असाच होता हो हा रंग. मी विसरूनच गेली."

खुलासा असा. अकोल्याच्या एका अंगाला खारपाणपट्टा आहे. म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारट, क्षारांचं. वानखड्यांकडे प्यायला नगरपालिकेचा नळ होता, पण न्हाणीघरात पहिल्यापासून बोअरचं पाणी. खारं पाणी भिंतीवर सुकलं की पांढरट थर सोडतं. एरवी तो ओघळांनी बसतो, डाग दिसतात, कोणालाही कळतं. पण मॅडमची आई रोज अंघोळीनंतर ती भिंत वरपासून खालपर्यंत फडक्यानं पुसत असे. एक दिवस चुकला नाही. त्यामुळे थर इतका पातळ, इतका सारखा, इतका गुळगुळीत बसत गेला, की तो टाइलचाच रंग वाटावा. वर्षाला केसभर. घरातल्या कोणालाही तो चढताना दिसला नाही.

आणि मी? आमच्या अमरावतीला पाणी येतं मोर्शीकडच्या धरणातून. गोड पाणी. क्षार आम्ही पुस्तकात वाचलेले. माझ्या रुमालातल्या तुकड्याच्या फुटलेल्या कडेला एक गडद रेघ दिसत होती, तीही मी दहा दिवस रोज पाहिली. मला वाटलं ती सावली आहे. मळाच्या रंगाशी मॅचिंग शोधत मी दोन जिल्हे फिरलो होतो, आणि दुर्दैवानं ते मॅचिंग मला सापडलंही होतं.

"आता?" मॅडम म्हणाल्या.

"उरलेल्या टाइल्सवर थर आहे तसाच ठेवू," मी म्हटलं, "आणि ही चौकट..."

"चौकटीचं काय?"

"चौकटीला परत थर..." साठ वर्षं थांबायला आईकडे आणि माझ्याकडे वेळ नव्हता.

मॅडम पहिल्यांदा जोरात बोलल्या. "राऊत साहेब, आई गुरुवारी येऊन राह्यली. डोळे नवे करून येऊन राह्यली. तिले आता सुईत दोरा दिसते म्हणे. अन् तुमी मले हे पोस्टाचं तिकीट चिकटवून देलं भिंतीवर!"

मी नंदूशेठकडे गेलो. रशीदभाई म्हणाला, मीबी येतो. मी म्हटलं, गरज नाही. तो म्हणाला, "नाई, मले पाहाचं हाय."

शेठजी गादीवर तसेच बसले होते. मला पाहून त्यांनी पानाचा डबा बाजूला सरकवला.

"तपासले का डोये?"

"तपासले, शेठजी."

"काय निघालं?"

"माझ्याच डोळ्यात पडदा होता."

"पन्नास वर्सं झाली या गादीवर," शेठजी म्हणाले. "अकोल्याची जुनी टाइल म्या कधी पुढून नाई पाह्यली. पुढून समदे पिस्ताच रायते. निया आनला तरी पिस्ता, गुलाबी आनला तरी पिस्ता. मांगून पाहा लागते. मांगच्या रेघा खारं पानी खात नाई, अन् या रेघांचा माल अकोल्यात एकाच रंगात आल्ता."

"शेठजी, ती मोरपिशी आहे ना अजून?"

ते उठेनात.

"एक मानूस आल्ता परवा," ते म्हणाले. "मासोयीच्या हौदाले पायजे म्हने."

"दिली?"

"म्या म्हटलं, अमरावतीचा एक इंजिनिअर हसून गेला हाय. तो परत येते. त्याची वाट पाह्यतो."

रशीदभाई मागं वळून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

एकवीस टाइल्स निघाल्या. एकीचा कोपरा उडालेला. म्हणजे कामाच्या वीस. मला पाहिजे होत्या एकोणीस. चुकायला एक.

पुढचे चार दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. आधी पिस्ता टाइल्स काढायच्या होत्या. सिमेंट अजून कच्चं होतं म्हणून त्या निघत होत्या, पण त्यांना खेटून बसलेल्या जुन्या टाइलला छिन्नी लागली की संपलं. रशीदभाई एकेक टाइल अशी काढत होता, जसा कोणी झोपलेल्या माणसाच्या उशाखालून पाकीट काढतो. अठरा सुखरूप निघाल्या. एकोणिसावी काढताना मी म्हटलं, "सांभाळून." त्यानं माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात शेजारच्या जुन्या टाइलला चर्रकन रेघ गेली.

"आता बोलाचं नाई," रशीदभाई म्हणाला. चार दिवस मी बोललो नाही. वीसच्या वीस टाइल्स बसल्या.

आणि बाकीची भिंत? ती सगळी धुवायची होती. छातीपर्यंतच्या चार भिंती, सहा-सहा इंचांनी, ॲसिड अगदी पातळ करून, म्हणजे सांधे खाल्ले जाऊ नयेत. मग लगेच भरपूर पाणी. मग सांध्यांत नव्यानं व्हाइट सिमेंट. रशीदभाई एका भिंतीला, मी दुसऱ्या भिंतीला. डिप्लोमा झाल्यापासून मी ब्रश हातात धरला नव्हता. दुसऱ्या दिवशी खांदा वर जाईना. मॅडम मधून मधून येऊन माझं काम तपासत होत्या. "ह्या कोपऱ्यात राह्यलं," म्हणत होत्या. शाळेत त्या कशा असतील याचा मला अंदाज आला.

बुधवारी संध्याकाळी बाथरूम झालं. दिवा लावला की भिंती डोळ्यांत येत होत्या. खरं सांगतो, मलाच जरा भीती वाटली. ठिगळ आता नव्हतं, पण अख्खं न्हाणीघरच वेगळं दिसत होतं. म्हातारीला काय सांगायचं? मॅडम म्हणाल्या, "आपण काहीच बोलायचं नाही. तिले वाटेल, ऑपरेशननं रंग चांगले दिसून राह्यले. डॉक्टरनं तिले तसं सांगितलंच आहे." मला ही कल्पना फार आवडली. त्यात माझं नाव कुठंच येत नव्हतं.

गुरुवारी अकराच्या सुमारास नागपूरहून गाडी आली. मी आणि रशीदभाई अंगणात उभे होतो, कूलरची टाकी बदलायच्या निमित्तानं. सुधाकरराव उतरले. उंच, नीटनेटके, शर्ट खोचलेला. मग काळा चष्मा लावलेली, काठीएवढी बारीक म्हातारी उतरली. मॅडम तिला धरायला धावल्या. तिनं हात झटकला.

"मले दिसते."

प्रवासातून आल्यावर आधी हातपाय धुवायचे, ही तिची रीत. सरळ न्हाणीघरात गेली आणि कडी लावून घेतली. आम्ही चौघं बाहेर. ऑपरेशन थिएटरबाहेर उभे राहतात तसे. सुधाकररावांना काही माहीत नव्हतं, ते नागपूरच्या ट्रॅफिकचं सांगत होते. आतून पाण्याचा आवाज आला. मग थांबला. मग बराच वेळ काहीच नाही.

कडी निघाली. म्हातारी चष्मा हातात घेऊन उंबऱ्यात उभी.

"सुमन."

"काय आई?"

"या भितीले काय केलं?"

"काही नाही आई. तुला आता चांगलं दिसते ना, म्हणून..."

"म्या बी तेच म्हटलं. मंग बकेटीकडं पाह्यलं. बकेट तं जशी होती तशीच हाय. डोयाचं असतं, तं बकेटबी उजवली असती ना?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी रशीदभाईकडे पाहिलं. रशीदभाई कूलरकडे पाहायला लागला.

म्हातारी आत वळली. तळहात भिंतीवर ठेवून तिनं तो आडवा फिरवला, रोज फडकं फिरवत असेल तसा. मधोमध आल्यावर हात थांबला.

"अन् इथं फोडेल होतं. हात सरकून राह्यला. बाकी जागी अडकते."

"फोडलं?" सुधाकरराव पुढं झाले. "आई, बघ, मी म्हणतच होतो. आता फुटलंच आहे तर सगळंच..."

"तू थांब जरा." ती माझ्याकडे वळली. "तुमी का?"

"हो माय. मी राऊत. इंजिनिअर."

"कायले फोडलं?"

"ओल होती. मला वाटलं पाइप आहे."

"त्या भितीत पाइप नाई. पयलेपासून नाई. मले विचाराचं होतं."

मी मान खाली घातली. पण माझा स्वभाव वाईट आहे. इतकी बोलणी खाल्ल्यावर कुठंतरी एक धाव काढावीशी वाटते. "माय, चूक झाली," मी म्हटलं. "पण एक सांगू का? हा रंग तुमीच झाकला होता. रोज खाऱ्या पाण्यानं भिंत पुसून पुसून सगळा थर तुमीच चढवला. आमी तो काढून दिला."

सुधाकरराव हसले. मॅडमनी डोळे मिटले.

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. नवे डोळे होते. पूर्ण वापरले.

"हाव बापा," ती म्हणाली. "म्या अंधी होती. पडद्यानं मले दिसत नोतं. तुमचे डोये तं चांगले हाय ना? मंग काहून म्हने धामनगाववरून त्या मयाच्या रंगाच्या टाइला आनल्या?"

मॅडमनी फोनवर तिला काहीच सांगितलं नव्हतं. पण शेजारच्या बाईनं सगळं सांगितलं होतं, पहिल्या दिवसापासून. म्हातारी अठरा दिवस नागपुरात बसून आमची प्रगती ऐकत होती.

तिनं पुन्हा भिंतीकडे पाहिलं. या वेळी बराच वेळ. "हाच घेतला होता," ती कोणालाच न सांगता म्हणाली. "दुकानवाला पांढरा घ्या म्हने. म्या म्हटलं, नाई. हा." मग सुधाकररावांकडे न पाहता मॅडमला म्हणाली, "सुमन, उद्यापासून पुसाले प्याच्या नयाचं पानी ठेवजो. बोरचं नाई." आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली.

मोठ्या मार्बलसारख्या टाइल्सचा विषय तिथंच संपला. सुधाकररावांनी नंतर त्या आपल्या नागपूरच्या फ्लॅटमध्ये लावून घेतल्या. मला बोलावलं नाही, यात त्यांचा शहाणपणा दिसतो. अकोल्याचं बाथरूम आजही तसंच आहे.

धंद्यातल्या नव्या पोरांना मी आता एवढंच सांगतो. जुन्या टाइलचं मॅचिंग शोधायला निघण्याआधी ती टाइल धुवावी. आणि भिंत फोडण्याआधी, ती भिंत रोज कोण पुसतं ते शोधून त्या माणसाला एक फोन करावा. पोरं वहीत लिहून घेतात. लिहून घेतल्यानं काही होत नाही, मला माहीत आहे, पण ऐकताना त्यांना बरं वाटतं.